आभाळ वाचून हवामान ओळखण्याचे तुमचे अनुभव

मोबाइलवर तासातासाचा अंदाज मिळतो. तरी आपल्या डोक्यावरच्या तेवढ्या तुकड्यात पुढच्या तास-दोन तासांत काय होणार, हे पुष्कळदा आभाळच आधी सांगतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. विनंती एकच: ‘असा ढग दिसला आणि पाऊस आला’ एवढ्यावर थांबू नका. त्याआधी काय होतं, नंतर काय बदललं, वारा कुठून होता, तेही लिहा. एकट्यादुकट्या खुणेवर विसंबता येत नाही, खुणांचा क्रम पाहावा लागतो.

सुरुवात मीच करते. मला खळ्याचा, म्हणजे चंद्राभोवती पडणाऱ्या कड्याचा, नाद आहे. उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक असतात. त्यांतून जाताना चंद्रप्रकाश वळतो आणि चंद्रापासून 22 अंशांवर मोठं, फिकट कडं उमटतं. हात लांब करून पंजा पूर्ण ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळी साधारण कड्यावर येते. चंद्राला चिकटून दिसणारं लहान रंगीत वलय वेगळं. ते बहुधा पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं, त्यावरून हा अंदाज बांधू नये.

खळं दिसलं म्हणून मी लगेच पाऊस सांगत नाही, सकाळची वाट पाहते. ढगांचा पडदा दाट झालाय का? सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा झालाय का, सावल्या पुसल्या गेल्यात का? पाठोपाठ ढगांचे तळही खाली येऊ लागले, तर त्या दिवशी पाऊस बहुतेक गाठतोच. पडदा विरळ झाला, तर खळं विसरायचं. समशीतोष्ण पट्ट्यात उष्ण आघाडी, म्हणजे गार हवेवर चढत येणाऱ्या उबदार हवेची कड, सरकत येते तेव्हा हा क्रम सर्वांत स्वच्छ दिसतो. विषुववृत्ताच्या बाजूला खळ्यावर तेवढा भरवसा नको, कारण तिथे दूरच्या वादळी ढगाच्या माथ्यावरून पसरलेल्या पडद्यातही ते पडतं.

*

खळ्याच्या जोडीला वारा धरा. मी शिडाची होडी चालवतो. वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि सगळ्यांत उंच ढग कुठून येताहेत ते बघतो. डावीकडून उजवीकडे चालले असतील, तर हवा बिघडणार असं धरून तयारीला लागतो. उजवीकडून डावीकडे असतील, तर सुधारणा. दोन्ही वारे एकाच दिशेचे असले, तर लगेच मोठा बदल नाही. हे उत्तर गोलार्धापुरतं, दक्षिणेत डावं-उजवं उलट. डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी 1857 मध्ये मांडलेला नियम याच्या मुळाशी आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला. उंच ढगांची चाल नुसत्या नजरेला कळत नाही. डोलकाठीचं टोक किंवा एखादी स्थिर वस्तू मध्ये धरून बघा.

*

डोंगरात मला महत्त्वाची वेळ सकाळची. मधल्या उंचीवर ढगांची रांग असते, तळ सपाट, आणि त्यातून छोटे उभे कोंब फुटलेले दिसतात. त्या थरातली हवा अस्थिर झाल्याची ती खूण. असं दिसलं की मी माथा लवकर गाठते किंवा सोडून देते, कारण दुपारी गडगडाटाची शक्यता खूप वाढलेली असते.

नंतर मोठ्या ढगाच्या माथ्यावर डोळा ठेवते. कडा रेखीव आहे तोवर वर बहुतेक पाण्याचे थेंब आहेत. कडा धूसर, तंतूतंतूंची झाली की बर्फ होऊ लागलंय, आणि विजा फार दूर नाहीत. माथा ऐरणीसारखा सपाट पसरेपर्यंत मी थांबत नाही. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधल्या सेकंदांना 3 ने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण 30 सेकंद म्हणजे 10 किलोमीटर, आणि वीज तेवढ्या लांबही पडू शकते. हिशेब आसऱ्यात बसून करा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नका.

*

विमानामागची पांढरी रेघ लगेच विरली, तर वरची हवा कोरडी. बराच वेळ टिकून रुंदावत गेली, तर वर ओल आलीय. मी ही खूण खळ्याच्या आधीची पायरी म्हणून वापरतो.

*

संध्याकाळच्या तांबड्या आभाळाबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं. ‘संध्याकाळी तांबडं, उद्या उघडीप’ हा ठोकताळा हवामान पश्चिमेकडून येणाऱ्या पट्ट्यातला आहे. पश्चिम मोकळी असते म्हणून मावळता प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो, आणि ती मोकळी हवा पुढे आपल्याकडे येते. उष्ण कटिबंधात वारे पुष्कळदा पूर्वेकडून वाहतात, तिथे हे कारणच उरत नाही. धूळ आणि धूरही आभाळ रंगवतात. आधी आपल्याकडे हवा कुठून येते ते ठरवा.

*

माझी खूण अगदी शेवटच्या क्षणांची. उकडत असताना अचानक वारा फिरतो आणि ढगाच्या बाजूनं गार झोत येतो. पावसानं गार झालेली हवा ढगातून खाली कोसळून जमिनीवर पसरते, तिची ही पुढची कड. त्याच सुमारास क्षितिजावर खाली काळी आडवी फळी दिसली, तर वाळत घातलेलं तसंच सोडून आत पळते. वारा फिरल्यापासून पहिल्या थेंबापर्यंत किती मिनिटं गेली, हे कुणी घड्याळ लावून टिपलं असेल, तर ढग किती लांब होता त्यासकट जरूर लिहा.