लेप्टोची गोळी हातावर ठेवली, पण घ्यायची कशी ते कुणी सांगितलंच नाही

पाणीपाऊस (धागाकर्ती)

गेल्या जुलैत हिंदमाताजवळ बस बंद पडली आणि मी लालबागपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आले. टाचेला चीर होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसखाली आरोग्य शिबिराचं टेबल लागलं होतं. तिथे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल मिळाल्या. "लेप्टोसाठी आहेत, आजच घ्या," एवढंच सांगितलं. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप. रात्री साडेअकराला आठवण झाली, तेव्हा दोन घोट पाण्याबरोबर गिळल्या आणि लगेच आडवी झाले.

पहाटे छातीच्या मधोमध जळजळ होऊन जाग आली. पित्त असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी चहाचा घोट घेतला तर निखारा उतरतोय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी नुसती थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं. दुर्बिणीतून तपासणी केली, तर अन्ननलिकेच्या मध्यावर समोरासमोर दोन व्रण. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "डॉक्सी घेऊन झोपलात का?" मी काहीच सांगितलं नव्हतं. डागांची जागा बघूनच त्यांनी ओळखलं.

दहा दिवस गार पेज, गार दूध आणि ते जाडसर सिरप. मग बरं वाटलं, आता काही त्रास नाही.

औषधावर माझा राग नाही. पण इतका ठाऊक असलेला त्रास टेबलावर बसलेल्या माणसाला सांगावासा वाटला नाही, याचा आहे. "ग्लासभर पाणी प्या, अर्धा तास झोपू नका" एवढं सांगायला वेळ नसेल तर ही गोळी लोकांत वाटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ढोपरभर चिखल

ताई, तुम्हाला त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. पण "वाटू नये" हे वाचल्यावर गप्प बसवत नाही.

मी कुडाळकडचा. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत आशाताई घरोघरी येऊन आठवड्यातून एकदा घ्यायची लेप्टोची गोळी देतात. माझा चुलतभाऊ ३४ वर्षांचा होता. मंगळवारी ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या. चार दिवस वाकून लावणी केलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखणारच, असं आम्ही सगळेच म्हणालो. शुक्रवारी डोळे लाल झाले, रविवारी लघवी कमी झाली. डायलिसिस सुरू झालं तोवर अंगही पिवळं पडलं होतं. नवव्या दिवशी गेला.

बाराव्याला देव्हाऱ्यामागे हात घातला तर आशाताईने दिलेल्या गोळ्या सापडल्या. कागदाच्या पुडीत, जशाच्या तशा. वहिनी म्हणाली, वाडीत कोणीतरी सांगितलं होतं, "ती गोळी गरम पडता, घेव नको." बस, तेवढ्यावर त्याने ठेवून दिल्या.

तुमचा अनुभव खरा आहे. पण तो व्हॉट्सॲपवर फिरत आमच्या वाडीत पोचेल तेव्हा त्यातलं पाणी पिण्याचं गळून पडेल आणि "घसा जाळता" एवढंच उरेल.

ठाण्याचा मास्तर

मी दोघांच्याही विरुद्ध बोलणार आहे. निरोगी माणसांना सरसकट अँटिबायोटिक देण्याची ही पद्धतच मला पटत नाही. मी एकदाच डॉक्सी घेतली, तर दोन दिवस मळमळ आणि जुलाब. पोटातल्या चांगल्या जिवाणूंवरही हे औषध चालतं, त्याची किंमत मोजावीच लागते. उंदीर, कचरा, तुंबलेले नाले यांचं काही करायचं नाही आणि पाऊस आला की गोळ्या वाटायच्या, म्हणजे महापालिकेने आपलं काम आपल्या पोटावर ढकलणं झालं. शेतावर गमबूट आणि हातमोजे द्यायला कोणी अडवलं आहे?

ढोपरभर चिखल

मास्तर, गमबूट घालून लावणीच्या चिखलात एक खाचर चालून दाखवा. बूट तिथेच राहतो, पाय वर येतो.

औषधवाला

माझं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली. पावसाळ्यात रोज कोणी ना कोणी "लेप्टोची गोळी द्या" म्हणत येतं. ही चिठ्ठीवर द्यायची गोळी, तरी लोक चिठ्ठीशिवाय मागतात आणि नाही म्हटलं की चिडतात.

मास्तर, गोळीचा उपयोग नाही असं नाही. पनामात १९८०च्या दशकात जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर चाचणी झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी घेणाऱ्यांत लेप्टोचा एक रुग्ण निघाला, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत २०. अंदमानात गावकऱ्यांवर अभ्यास झाला. तिथे लागण फारशी कमी झाली नाही, पण लागण होऊन माणूस आजारी पडण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. म्हणजे गोळी घेतली की चिखलात बिनधास्त उतरा असं नाही, पण देव्हाऱ्यामागे ठेवावी अशीही नाही.

आता पाणीपाऊस ताईंचं. डॉक्सीचा जो क्षार (सॉल्ट, म्हणजे औषधाचं संयुग) कॅप्सूलमध्ये सर्रास वापरतात तो विरघळला की चांगलाच आम्ल होतो. कॅप्सूलचं जिलेटिन ओलं झालं की चिकटतं. पाणी कमी आणि माणूस आडवा, म्हणजे ती अन्ननलिकेलाच चिकटून तिथेच विरघळते. मी पाकिटावर बॉलपेनने लिहून देतो: जेवून, मोठा ग्लास पाणी, अर्धा तास बसून. लोह, कॅल्शियम किंवा पित्ताची गोळी चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर, नाहीतर डॉक्सी अंगी लागत नाही. उन्हात काम असेल तर अंग झाकायचं, कारण त्वचा लवकर भाजते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल असेल तर ही द्यायचीच नाही, डॉक्टर त्यांना ॲझिथ्रोमायसिन लिहून देतात.

आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. ताई, तुमच्या टाचेला चीर होती. मुंबई महापालिकेच्या सूचनांप्रमाणे जखम नसताना एकदाच पाण्यातून गेलेल्याला २०० मिलिग्रॅम एकदाच, पण जखम असेल तर रोज तेवढीच, तीन दिवस. सारखं पाण्यात काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. त्या टेबलावर तुमचा पाय कोणी पाहिला का?

पाणीपाऊस

नाही. कोणी विचारलंही नाही. म्हणजे मला त्रास तर झालाच, वर डोसही अपुरा मिळाला. हे आज कळतंय.

ढोपरभर दादा, तुमच्या भावाचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. "वाटू नये" हा शब्द मी मागे घेते. पण मला सांगा, त्या "गरम पडता"ची सुरुवात कुठून झाली असेल? माझ्यासारखंच कोणीतरी कोरडी गोळी गिळून झोपलं असेल आणि छाती जळली असेल. त्याला आधी सांगितलं असतं, तर वाडीत ती बातमी पसरलीच नसती.

ढोपरभर चिखल

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तसं झालं असेलही.

काल आशाताईशी बोललो. ती म्हणते, एका फेरीत पन्नास-साठ घरं, वर पाऊस, प्रत्येकाला किती सांगू? पण पुडीवर छापील चिठ्ठी असेल तर चिकटवते म्हणाली. मी मालवणीत लिहिलंय: "जेवल्यार घेवा, तांब्याभर पाणी पिया, अर्धो तास झोपू नकात. ताप इलो आणि पोटऱ्यो दुखल्यो तर त्याच दिवशी दवाखान्यात." पन्नास प्रती काढतोय, आमच्या वाडीपुरत्या.

पाणीपाऊस

छान झालंय. पण त्यात "नाहीतर छातीत जखम होऊ शकते" हेही घाला ना. कारण कळलं की माणूस पाणी पितो. नुसता हुकूम कोण ऐकतं? मला कुणी कारण सांगितलं असतं तर मी उठून स्वयंपाकघरात गेले असते.

ढोपरभर चिखल

नाही ताई. "जखम" हा शब्द पुडीवर दिसला की पुडी परत देव्हाऱ्यामागे जाणार. पाण्याचं ठळक छापतो, हवं तर दोनदा. तो शब्द मी घालणार नाही.

पाणीपाऊस

मग माझ्या ऑफिसखालच्या टेबलासाठी मी वेगळी चिठ्ठी करते. त्यात तो शब्द असेल. औषधवाले काका, जखम असलेल्यांचा तीन दिवसांचा डोस त्यात कसा लिहायचा तेवढं सांगा. यंदा पाणी भरायच्या आत मला ती टेबलवाल्यांकडे द्यायची आहे.