फायटर माशाच्या माद्या एकत्र ठेवल्यात का? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, माझ्या दोन फुटी टाकीत बेटाच्या, म्हणजे आपल्या फायटर माशाच्या, तीन माद्या आहेत. घेताना दुकानात सांगितलं होतं, "नर भांडतात, माद्या बिनधास्त एकत्र ठेवा." तीन दिवस खरंच शांततेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यात लहान मादी फिल्टरच्या मागे अंग चोरून उभी होती. शेपटी निम्मी कुरतडलेली, रंग पार उडालेला. तिला काढून मोठ्या बरणीत ठेवलंय, पण जीव थाऱ्यावर नाही.

ज्यांनी माद्या एकत्र ठेवल्या त्यांनी सविस्तर लिहा. टाकी केवढी होती, किती माद्या, कशा सोडल्या, वेगळं कधी केलं? ज्यांना जमलं नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.
– डोंबिवली

ताई, आधी त्या लहानीला परत टाकीत सोडू नका. तीन माद्यांत एक दादागिरी करते आणि तिचा सगळा राग दोघींवरच निघतो. मी सात ठेवल्या होत्या, एकाच विणीतल्या, लहानपणापासून एकत्र वाढलेल्या. टाकी ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी. मासे आणण्याआधी दीड महिना नुसती झाडं वाढवली. मागे वॉलिसनेरियाची दाट रांग, लाकडावर जावा मॉस, मधे फुटक्या मातीच्या कुंड्या आडव्या टाकलेल्या. या टोकाची मादी त्या टोकाच्या मादीला दिसता कामा नये, एवढाच हिशेब. सातही जणी एकाच संध्याकाळी सोडल्या आणि दिवा बंद केला. एकेक करून सोडल्या असत्या तर आधी आलेलीने टाकी आपलीच मानली असती.

पहिला आठवडा पाठलाग झाला, शेपटीला दोन-चार चिरा पडल्या, मग प्रत्येकीची पायरी ठरली. एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली. हे मासे वर येऊन हवाही घेतात. मोठी मादी पृष्ठभागाजवळ पहारा द्यायला लागली की बाकीच्यांना श्वासालाही वर येता येत नाही. तरंगणारी झाडं सोडल्यावर त्यांच्या मुळांच्या आडून त्या वर यायला लागल्या.

हे सगळं चौदा महिने टिकलं. मग ती मोठीच गेली आणि ठरलेली उतरंड मोडली. दोन दिवसांत अशी मारामारी झाली की दोन माद्या दगावल्या. उरलेल्या चौघींना मी त्याच रात्री वेगळं केलं. तेवढ्या बरण्या आणि हीटर आधीपासून घरात होते म्हणून त्या वाचल्या.
– नाशिक

आमच्याकडे पाच "माद्या" होत्या, त्यातली एक नर निघाली. आखूड परांचा प्लाकाट जातीचा नर लहानपणी मादीसारखाच दिसतो. पोटाखालचा पांढरा ठिपका बघून घेतला होता, पण तो ठिपका कोवळ्या नरांतही दिसू शकतो. दोन महिन्यांनी त्याने कल्ल्यांची झाकणं फुलवायला आणि वर बुडबुड्यांचं घरटं बांधायला सुरुवात केली, तेव्हा कळलं. तोवर दोघींचे पर फाटले होते.
– पुणे

आमच्या दारात देशी बदामाचं झाड आहे. आपोआप गळलेली सुकी पानं धुऊन टाकीत घालते, पाणी चहासारखं होतं आणि माशांना ते मानवतं. पण पानांनी भांडण थांबतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्याकडे थांबलं नाही. खाणं एकाच वेळी दोन टोकांना घातल्याने फरक पडला, कारण आमच्याकडे निम्मी भांडणं खाण्यावरूनच होती.

अंगावरचे पट्टे बघायला शिका. उभे पट्टे म्हणजे मादी विणीला तयार आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे पट्टे दिसले आणि ती कोपऱ्यातून हलेना, खायलाही येईना, तर ती घाबरलेली आहे. पर फाटेपर्यंत वाट बघू नका. माझी एक मादी अंगावर ओरखडाही नसताना नुसत्या भीतीने खंगून गेली. अजून तिची आठवण आली की वाईट वाटतं.
– फोंडा

मी थोडं वेगळं मत मांडतो. नोकरीमुळे चार वर्षं बँकॉकला होतो. तिथल्या चतुचकच्या मासेबाजारात फायटरच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात आणि दोन बाटल्यांमधे कागद उभा केलेला असतो, एकाला दुसरा दिसू नये म्हणून. थाई भाषेत याला "प्ला कात" म्हणतात, म्हणजे चावरा मासा. २०१९मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवडून वाढवलेलं रक्त आहे ते, आणि माद्याही त्याच रक्ताच्या. भातखाचरात किंवा दलदलीत हरलेला मासा दूर निघून जातो. काचेत तो जाणार कुठे? म्हणून मी एका टाकीत एकच मादी ठेवतो.
– ठाणे

ठाणेकर, तुमचं पटतं. माझी चौदा महिन्यांची टाकी मीच यशस्वी म्हणणार नाही. कुणी नव्याने विचारलं तर मीही एकच ठेवा म्हणतो. तरीही ठेवायच्याच असतील तर टाकीआधी प्रत्येकीची वेगळी जागा तयार हवी.
– नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. उरलेल्या दोघींत एकीने दुसरीला क्षणभर उसंत दिली नाही, म्हणून टाकीत मधे जाळीचा पडदा घातला आणि जाळीला दोन्हीकडून मॉस बांधलं, म्हणजे नजरानजर नको. लहानीला वीस लिटरची वेगळी टाकी घेतली, हीटर २६ अंशांवर लावला आणि पहिले दहा दिवस रोज पाव भाग पाणी बदललं. औषध काहीच घातलं नाही. तिच्या शेपटीला आता काचेसारखी पारदर्शक नवी कड फुटली आहे. काल पहिल्यांदा मी टाकीजवळ गेल्यावर ती लपली नाही, खायला पुढे आली.
– डोंबिवली