अनुभव धागा: ‘आय ऑफ द नीडल’ वाचताना तुमचं काय झालं?

केन फॉलेटची ही कादंबरी 1978 सालची. सोलापुरात तिचे वाचक बरेच आहेत, आणि भेटले की हिरिरीने भांडतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांनी लिहूनच टाकू.

थोडक्यात गोष्ट अशी. साल 1944. दोस्तांचं सैन्य उतरणार आहे फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, पण जर्मनांना वाटायला हवं की हल्ला फ्रान्समधल्याच कॅले बंदराच्या बाजूने येतोय. त्यासाठी पूर्व इंग्लंडमध्ये अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने खोटं सैन्य उभं केलेलं. हेन्री फेबर नावाचा जर्मन हेर ते खोटेपण डोळ्यांनी पाहतो, फोटो काढतो, आणि आता त्याला पाणबुडी गाठायची आहे. मला स्वतःला ही कादंबरी फार प्रिय आहे; तुम्हाला पटली नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा. शेवटाबद्दल खाली बोलणं होणार, तेव्हा न वाचलेल्यांनी इथेच थांबावं.

नोकरीनिमित्त मुंबईला ये-जा करणारा, होटगी रोड

सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये वाचली. कुर्डुवाडी गेलं, दौंड गेलं, डब्यातले दिवे मालवले, मी मोबाइलच्या उजेडात चालूच. नेमका तो भाग आला, ज्यात फेबर रेल्वेने पळतोय आणि त्याला ओळखणारा एक तरुण डब्याडब्यातनं त्याला शोधत येतोय. मधल्या बोळातनं कोणीतरी चालत गेलं तर मी पाय आत घेतले. गंमत बघा, त्या पोराने ओळखू नये असं मला वाटत होतं! नाझींचा हेर, खुनी माणूस, आणि मी त्याच्या बाजूने. पुस्तक मिटल्यावर याची खंत वाटली. पण लेखकाची ताकद तीच आहे.

इतिहासाचे शिक्षक, जुळे सोलापूर

खंत नको. फॉलेटने फेबरला हुशार, शिस्तीचा आणि एकटा केलाय, त्यामुळे आपण त्याच्या डोक्यातून बघायला लागतो. मला मात्र खऱ्या इतिहासामुळे ही कादंबरी जास्त भावली. पॅटनचं ते सैन्य खरोखर होतं, म्हणजे खरोखर खोटं होतं. लाकूड-कॅनव्हासच्या होड्या, हवा भरलेले रणगाडे, आणि दिवसभर चाललेले बनावट वायरलेस संदेश. जर्मनांना त्यावर विश्वास बसला तो मुख्यतः त्यांच्याच ‘हेरां’मुळे. ब्रिटनमधले जवळजवळ सगळे जर्मन हेर पकडले गेले होते आणि त्यांतले कित्येक ब्रिटिशांसाठीच काम करत होते. हुआन पुजोल, टोपणनाव गार्बो, या स्पॅनिश माणसाने तर 27 हस्तक निव्वळ कल्पनेतून उभे केले आणि त्यांच्या नावाने जर्मनांना बातम्या पुरवल्या. 6 जूनला सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावरही, ही हुलकावणी आहे, खरा हल्ला कॅलेला होईल, असं त्याने 9 जूनला कळवलं. जर्मनांची पंधरावी फौज कॅलेजवळच अडकून राहिली. या माणसाला जर्मनांनी आयर्न क्रॉस हे त्यांचं लष्करी पदक दिलं आणि ब्रिटिशांनीही एमबीई हा त्यांचा सन्मान दिला.

आता विचार करा. एवढं सगळं उभं आहे, आणि न पकडलेला एकच हेर सुटला तर? कादंबरी या एका ‘तर’वर उभी आहे. युद्धाचा निकाल आपल्याला माहीत असतो, तरी श्वास अडकतो तो यामुळे.

वाचनाची आवड असलेली, विजापूर रोड

मी थांबले. फेबर घरमालकिणीचा खून करतो ते आलं आणि पुढे वाचवेना. माझी एवढीच नोंद.

निवृत्त परिचारिका, सात रस्ता

सर, तुम्ही फौजांचं लिहिलंत, पण पुस्तक ल्यूसीचं आहे हो. लग्नाच्याच दिवशी अपघात होऊन तिच्या नवऱ्याचे, डेव्हिडचे, दोन्ही पाय जातात. लढायला मिळालं नाही याचा कडवटपणा तो बायकोवर काढतो. एका ओसाड बेटावर वर्षानुवर्षं ती त्याचं करते, आणि तो तिला जवळही येऊ देत नाही. मी वॉर्डात अशा बायका पाहिल्यात. रुग्णाची विचारपूस सगळे करतात, उशाशी बसलेलीला ‘तू जेवलीस का’ असं कोणी विचारत नाही. वादळात फेबर त्या बेटावर येऊन पडतो आणि तिच्याशी नीट बोलतो. ती त्याच्याकडे ओढली जाते, त्यावरून आमच्या ओळखीतल्या एकींनी तिला फार नावं ठेवली. मी नाही ठेवणार. नवऱ्याला याच माणसाने मारलं हे कळल्यावर चेहऱ्यावर काही न दाखवता ती त्याच्यासमोर वावरते, लेकराला सांभाळते, आणि शेवटी त्याला अडवतेही. लंडनच्या सगळ्या साहेबांना जमलं नाही ते तिने केलं.

वायरमन, अशोक चौक

ताईंचं पटलं. फेबरला संदेश पाठवता येऊ नये म्हणून ल्यूसी बल्बच्या होल्डरमध्ये बोटं घालते आणि घरातली वीज जाते, तिथं मी थांबून पुन्हा वाचलं. आमच्या कामाच्या हिशेबानं ते बसत नाही. माणसाच्या अंगातनं अर्धा अँपिअरसुद्धा मुश्किलीनं जातो. तेवढ्यात माणूस मरतो, पण पाच अँपिअरची फ्यूज तार काही वितळत नाही. तरी प्रसंग मनातनं जात नाही. एकदा शॉक खाल्लेल्याचा हात पुन्हा तिकडं जात नसतो. ही बाई मुद्दाम घालते. मानलं तिला.

महाविद्यालयीन विद्यार्थी, भैय्या चौक

मला आवडली, पण एक सल आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या 25 लाखांवर गेली होती. या पानांत ते कुठेच नाहीत. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या स्मारकावरून मी रोज जातो. युद्धाची थरारक कादंबरी म्हटली की नेहमी लंडन आणि बर्लिनच का?

इतिहासाचे शिक्षक, जुळे सोलापूर

बाळा, एका बेटावर संपणाऱ्या गोष्टीत सगळं जग मावणार नाही. पण तुझी तक्रार आपल्या लेखकांकडे आहे, आणि ती रास्त आहे. कोटणीसांच्या काळातल्या चीनवर मराठीत अशी एक कादंबरी कोणी लिहायला घेतली तर नकाशे आणि संदर्भ जमवायला मी बसेन.

विजापूर रोडवरची, पुन्हा

परिचारिका ताई, तुमचं वाचून परत उघडावीशी वाटतेय. घरमालकिणीचं प्रकरण ओलांडून बेटापासून वाचलं तर चालेल का?

निवृत्त परिचारिका, सात रस्ता

चालेल की. ल्यूसीच्या लग्नाच्या प्रकरणापासून सुरू करा, तेही सुरुवातीलाच आहे.