जुन्या पत्रांच्या पुस्तकाला शब्दसूची : किती शब्द, कसा क्रम?

मांडवीकर :
गायकवाडी अमलातली मराठी पत्रं छापतोय. वाचणारे बहुतेक इथलेच, बडोद्याचे. घरी मराठी, शाळा गुजराती. शेवटी शब्दसूची द्यायचीय, पण यादी चारशेवर गेली. सगळे शब्द ठेवावेत का? शिवाय संगणकानं लावलेल्या क्रमात ळ भलतीकडेच घुसतो.

दांडियाबाजार :
चारशे कोणी उलटून बघणार नाही. पत्रं दोन-तीन वाचकांना द्या, अडलं तिथे पेन्सिलीनं खूण करायला सांगा. खुणा झालेल्यांपैकी एकदाच येणारा शब्द तळटीपेत टाका, वारंवार येणारा सूचीत.

अर्थ मात्र कोशातून जसाच्या तसा उचलू नका. ‘सुभा’ म्हणजे मराठेशाहीत प्रांत, पण बडोदे संस्थानात पुढे प्रांताचा मुख्य अधिकारीसुद्धा. तुमच्या पत्रात जो अर्थ असेल तोच द्या. दोन्ही असतील तर पुढे पत्र क्रमांक घाला. ‘वहिवाटदार : महालाचा कारभार पाहणारा अधिकारी’ एवढ्यावर थांबलात तर कोणीतरी राजवाड्याचा व्यवस्थापक समजेल. तेव्हा ‘महाल’ (इथे तालुका) याची नोंदही हवीच. शिलेदार स्वतःचा घोडा आणतो, बारगिराला तो सरकारातून किंवा शिलेदाराकडून मिळतो. दोघांपुढे नुसतं ‘घोडेस्वार’ लिहिलं तर सूची कशाला?

खिळेजुळारी :
ळचं कारण सोपं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, तो लच्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत हनंतर. म्हणून ‘मळा’ हा ‘महाल’च्या आधी लागतो. हे हातानंच सरळ करा. ‘ऱ्या’ही तपासा : तो दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो सारखाच, पण शोधताना निम्मे शब्द निसटतात.

दुसरं, विभक्ती. पत्रात ‘कमाविशीस’ असतं, सूचीत ‘कमावीस’ (महसुलाची वसुली). नवख्याला हे जुळत नाही, त्यामुळे मूळ रूप फार बदलतं तिथे ‘कमाविशी- : पाहा कमावीस’ अशी ओळ टाका. सा. न. वि. वि., तारखेआधीचा ‘छ’ (म्हणजे चंद्र) असली संक्षिप्तं सूचीत मिसळू नका, वेगळ्या पानावर द्या.

मांडवीकर :
१९३१चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश आधाराला चालेल?

दांडियाबाजार :
बेतानं. आठ भाषांचा असला तरी तो कारभारात कोणता शब्द वापरावा हे सुचवायला केलेला. शंभर-दीडशे वर्षं आधीचा कारकून तो शब्द कशासाठी लिहायचा, हे तुमच्या पत्रांतच दोन-चार ठिकाणी ताडून पाहावं लागेल.