जावरची जुनी वस्ती: आरंभ केव्हा आणि अखेर कशाने?

दांडियाबाजारकर
नमस्कार. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, जावर येथे, आजच्या जस्ताच्या खाणींजवळच जुन्या गावाचे अवशेष, पडकी देवळे आणि मातीच्या मुशींचे प्रचंड ढीग आहेत. काही घरांच्या भिंतीसुद्धा वापरून झालेल्या मुशी रचून उभारलेल्या दिसतात. मेवाडचा महाराणा लाखा याच्या काळी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, खाणी सापडून गाव वसले आणि १८१२-१३ च्या दुष्काळात ते ओस पडले, असे सांगितले जाते. यास आधार कितपत आहे? आपल्या वडोदऱ्याच्या विद्यापीठातील मंडळींनी तेथे काम केले होते, म्हणून येथे विचारतो.

सुरसागर
विद्यापीठाच्या कामाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी १९८० च्या दशकात तेथे संयुक्त संशोधन केले, आणि त्यात सापडलेल्या भट्ट्यांमुळे जावरचे नाव जगभर पोहोचले. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि धातुक, म्हणजे जस्ताचे कच्चे खनिज, त्याहून अधिक उष्णतेवर फोडावे लागत असल्याने धातू वाफेच्या रूपातच सुटतो. त्या वाफेला हवा लागली की तिची राख होते. म्हणून जावरचे कारागीर वांग्याच्या आकाराच्या मुशीत धातुक भरून ती भट्टीत उलटी ठेवत, आणि नळीतून खाली उतरलेली वाफ थंड भांड्यात जमे. एका भट्टीत अशा ३६ मुशी बसत. ही व्यवस्था औषधापुरता धातू काढणाऱ्या एखाद्या हौशी वैद्याची नव्हे, कारखान्याची आहे.

लाखाविषयी मात्र सावध राहावे. राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी कर्नल टॉड याने लाखाच्या कारकिर्दीत खाणी सापडल्याचे लिहिले असले, तरी खाणीत मिळालेल्या लाकडाची कार्बन-१४ पद्धतीने काढलेली कालगणना दोन हजार वर्षांहून मागे जाते. लाखाने फार तर बंद पडलेले काम पुन्हा सुरू केले असावे. शिवाय खाणीचे वय म्हणजे गावाचे वय नव्हे: मुशींच्या भिंतींची घरे त्या मुशी भट्टीतून निघाल्यानंतरचीच असणार, म्हणजे आज दिसणारी वस्ती जस्ताच्या काळातली आहे.

रावपुरा
अखेरीबद्दल एक भर. दुष्काळ हा शेवटचा घाव असू शकेल, एकमेव कारण नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे आणि होळकर यांच्या फौजांनी मेवाडकडून वारंवार खंडणी वसूल केली, हे आपण मराठी मंडळी सोयीस्करपणे विसरतो. दरबाराची तिजोरी रिकामी, वाटा असुरक्षित आणि भट्टीसाठी रोज लागणारा कोळसा महाग, अशा स्थितीत धातूचा धंदा दुष्काळाआधीच खचत गेला असावा, असे माझे मत आहे.

दांडियाबाजारकर
दोघांचेही आभार. मग गाव भरभराटीला होते, असे निश्चितपणे कोणत्या काळाबद्दल म्हणता येईल?

सुरसागर
पंधराव्या शतकाच्या अखेरीबद्दल नक्की म्हणता येईल. राणा कुंभाची कन्या रमाबाई, जी जुनागढचा राजा मांडलिक यास दिली होती, तिने जावरला देऊळ आणि कुंड बांधले. तेथील शिलालेख १४९७ चा आहे. उजाड गावात राजकन्या असे बांधकाम करवत नाही. अबुल फजलनेही अकबराच्या काळात जावरच्या जस्ताची नोंद केली आहे, तेव्हा सोळाव्या शतकातही भट्ट्या पेटलेल्या होत्या. आधुनिक खाणकाम मात्र विसाव्या शतकात नव्याने सुरू झाले. त्याचा जुन्या वस्तीशी सलग संबंध जोडू नये.