रक्ताची आव: शीचा नमुना चार तासांवर, शिगेला जंतू सापडेल का?

प्रश्न: वस्तीत लेकरांना रक्ताची आव लागली, विहीर गढूळ. पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) शीचा नमुना जिल्ह्याच्या लॅबला पोचायला चार तास. चालेल?

उत्तर: तसाच नको, शिगेला (रक्ताची आव लावणारा जंतू) वाटेतच मरतो. दोन तासांवर उशीर असेल तर कॅरी-ब्लेअर माध्यम (वाटेत जंतू जिवंत ठेवणारं) हवंच. अँटिबायोटिकच्या आधी, रक्त-शेंबूड दिसतो तोच भाग स्वॅबवर (कापसाच्या काडीवर) घ्या, थंड पेटीत ठेवा.

उत्तर: अन् निकालासाठी उपचार थांबवू नका! ओआरएस लगेच, झिंक रोज २० मिग्रॅ १४ दिवस (सहा महिन्यांखाली १०). अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील. लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) लेकरांना अजिबात नाही. आतडं थंडावतं, जंतू आतच राहतात.

उत्तर: विहिरीत १००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. गढूळ पाणी क्लोरीन खातं, म्हणून अर्ध्या तासानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं का ते बघायची) कराच. शिगेला १०-१०० जंतूंनीही लागतो; लेकराची शी धुतल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकर थापू नये.