'अर्ली म्युझिक'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, मदत हवीय. एका लेखाचं मराठी करतेय, विषय इंग्लंडचा टॅलिस स्कॉलर्स हा ग्रुप, साधारण दहा जण, नुसता गळा, वाद्य एकही नाही. इंग्रजीत त्यांना अर्ली म्युझिक गाणारा कॉयर म्हटलंय. मी लिहिलं 'प्राचीन संगीत सादर करणारं समूहगान पथक', तर ज्यांचं काम आहे त्यांनी शेरा मारून परत पाठवलं, "हे सामगान गातात का?" राग आला पण आता वाटतंय मुद्दा खरा आहे, आणि पथक म्हटलं की ढोलताशेच दिसतात. काय लिहू?

— ताई, प्राचीन नकोच. ज्याच्या नावावरून ग्रुपचं नाव आहे तो इंग्लिश संगीतकार टॉमस टॅलिस १५८५ मध्ये वारला, तेव्हा आपले एकनाथ महाराज पैठणला हयात होते. नाथांच्या भारुडाला कोणी प्राचीन संगीत म्हणतं का?

— संगीत नसेल म्हणत हो, पण एमएला आम्हाला नाथ 'प्राचीन मराठी वाङ्मया'तच होते, पार पेशवाईपर्यंत सगळं प्राचीन! त्यामुळे शब्द चूक नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात वेदच येणार.

— मला वाटतं घोळ वर्षांचा नाहीच. अर्ली म्युझिक म्हणजे ढोबळमानाने १७५० च्या आधीचं युरोपातलं, मध्ययुग, रेनेसान्स, बरोक. पण नुसतं जुनं म्हणून हे नाव पडलेलं नाही. यातलं बरंचसं गाणं मधल्या काळात कोणी गातच नव्हतं, कागद राहिले आणि गळा गेला. मग विसाव्या शतकात लोकांनी जुन्या पोथ्या काढून ठरवायला घेतलं की एका ओळीला किती गायक, सूर किती उंच, आवाज किती हलवायचा. टॅलिस स्कॉलर्स पीटर फिलिप्सने १९७३ मध्ये काढला तो याच लाटेत. आपलं ध्रुपदही जुनं, पण ते कोणी उकरून काढलं नाही, गुरूकडून शिष्याकडे आलं, म्हणून आपल्याला असला शब्द कधी लागलाच नाही. तेव्हा सरळ 'अर्ली म्युझिक' ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या वाक्यात समजवा. (आणि जसंच्या तसं म्हणाल तर तेही नाही, तेव्हा चर्चमध्ये वरचा सूर मुलगे नाहीतर पुरुष लावायचे, यांच्यात बायका लावतात. आपल्याकडे बालगंधर्व, बरोब्बर उलटं.)

— बरं, आणि कॉयर? समूहगान चालेल ना?

— समूहगान म्हणजे शाळेत १५ ऑगस्टला सगळे एका चालीत. कोरस म्हणजे सिनेमात मागे आ आ करणारे. इथे प्रत्येकाची चाल वेगळी असते हो! जोस्कँ नावाच्या रेनेसान्समधल्या संगीतकाराची एक मास (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठीची संगीतरचना) आहे, नावच 'ला सोल फा रे मी', म्हणजे आपल्या भाषेत ध प म रे ग. हे पाच सूर एक आवाज संथ लांबवतो, दुसरा मागून येऊन तेच झपझप म्हणतो, तिसरा आणखी कुठेतरी, आणि कोणी कोणाच्या मागे नसतं. टॅलिस स्कॉलर्सनी गायलेल्या याच मासच्या रेकॉर्डला १९८७ मध्ये ग्रामोफोन मासिकाचा वर्षातली सर्वोत्तम रेकॉर्ड म्हणून मान मिळाला होता, ऐकाच. अशा वेगवेगळ्या चालींच्या गाण्याला 'बहुस्वरी' मात्र लिहू नका, भूपसुद्धा पाच स्वरांचा आहे. मी 'गायकवृंद' म्हणेन, वाद्यवृंद आहेच की आपल्याकडे.

— गायकवृंदला माझंही मत. आणि ताई, 'स्कॉलर्स'चं 'अभ्यासक' करून ठेवू नका. ऑक्सफर्ड-केंब्रिजला कॉलेजच्या चॅपलमध्ये (म्हणजे कॉलेजच्या छोट्या चर्चमध्ये) गाण्यासाठी ज्यांना शिष्यवृत्ती मिळते त्यांना कोरल स्कॉलर म्हणतात, आणि हा ग्रुप सुरुवातीला अशा चॅपलमधल्याच गायकांचा होता. मला तरी नावात तोच वास येतो.

— गोव्यातून लिहितोय. लेखात मोटेट (चर्चमधलं एक प्रकारचं धार्मिक गीत) शब्द आला तर 'भजन', 'स्तोत्र' असलं काही करू नका प्लीज. आमच्याकडे लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, चर्चमध्ये मोतेत गातात, लॅटिनमध्ये आणि कोंकणीतसुद्धा, शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि घरचाच झाला. आणि वाद्याशिवायचं गाणं, ज्याला 'आ कापेला' म्हणतात, ते मुळात इटालियनमध्ये 'चॅपलमधल्यासारखं', आमची कोपेल (चॅपल) त्याच घराण्यातली.

— सगळ्यांचे आभार! आत्ता असं लिहिलंय: "अर्ली म्युझिक, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं युरोपीय संगीत, गाणारा बिनसाथीचा गायकवृंद." चालेल?

— बिनसाथीचा काढा. घरी मोठ्याने वाचून दाखवलं तर आई विचारतेय, कसली साथ आलीय तिकडे?

— 😂 बरं, 'वाद्यांशिवाय गाणारा'.